डावा डोळा मिटायची सवय

१२ ऑक्टोबर १९९९, मंगळवार

दुकानाचं शटर निम्मं वर गेलं नाही तोच राहुरीकडची बाई हजर. गेल्या आठवड्यात मुलीचा स्थळासाठी फोटो काढून नेला होता तीच. पाकीट काउंटरवर आपटलं. "ह्यो फोटू घ्या माघारी. पोरगी बगा की, धुक्यात हुबी केल्यावानी दिसती. पावन्यांनी इचारलं, पोरीला नाक हाय का न्हाई?"

म्हटलं, मुलगी हलली असेल.

"हालली न्हाई ओ. दगडावानी बसल्ती माजी पोरगी."

फोटो बघितला. खरंच मऊ आलाय. कानातली रिंग स्वच्छ, चेहरा धुरकट. करुणा आतून हातात फोटोवरचे डाग बुजवायचा टचिंगचा ब्रश घेऊनच बाहेर आली. "ताई, उद्या पोरीला परत घेऊन या, काढून देऊ," म्हणाली आणि फोटो आत घेऊन गेली. मला एक शब्द विचारला नाही.

लेन्सच. ऑगस्टात शाळेच्या सहलीबरोबर भंडारदऱ्याला गेलो होतो, तिथल्या ओल्या हवेत बुरशी धरली असणार. एकोणीस वर्षांचा कॅमेरा, कधीतरी दगा देणारच.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

श्रीरामपूरहून सकाळच्या एस.टी.नं नगर. हमीदभाईंकडे लेन्स उघडून घेतली. ते घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून अर्धा तास बघत होते. "भाऊ, लेन्स पाण्यासारखी आहे. बुरशी नाही, ओरखडा नाही. फोकसची गुंडीपण बरोबर बसते."

मग फोटो धुरकट का येतात?

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. चहा मागवला. चहा पिता पिता हळूच, "चष्मा कधी बदलला?"

मला काय चष्मा! पेपर वाचायला लागतो तेवढाच. कॅमेऱ्याला कधी लागला नाही. उठून आलो. दुरुस्ती जमेना की गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर ढकलायचं. मिस्त्री म्हातारा झाला.

परवा त्या मुलीचा दुसरा फोटो काढला. क. म्हणाली, "हा मी छापते, मागच्यासारखं तुम्ही नका बसू." बरं. छाप.

१९ ऑक्टोबर, दसरा

समोरच्या छापखान्यात मशीनला हार, नारळ. दरवर्षीप्रमाणे मालक आमच्याकडेही झेंडू घेऊन आला. "तुमच्यात पूजा नसते ठाऊक आहे, पण कॅमेऱ्याला फूल तर चालेल?" चालेल म्हटलं. ठेवलं फूल. फूल ठेवून का होईना, सुधारला तर बघू.

पासपोर्टवाले सात जण. क.नं सातही मॅट कागदावर छापले. ग्लॉसीचा अख्खा डबा सहा महिने फोडलेला नाही. पासपोर्टला ग्लॉसी मागतात लोक, मी सांगून थकलो. "मॅट शांत दिसतो," म्हणते. फोटो शांत दिसायला काय झालंय? लग्नाला एकतीस वर्षं झाली, या बाईचं डोकं कसं चालतं मला अजून कळत नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

दुबईहून मेव्हण्याचा, प्रभाकरचा, फोन. समोरच्या एस.टी.डी.त धावत गेलो. नाताळला येतोय, डिजिटल कॅमेरा आणतोय. "दाजी, रोल नको, धुणं नको. मागं छोटा टी.व्ही. असतो, त्यात फोटो आधीच दिसतो. बघून घ्यायचा, मग दाबायचं."

आधीच दिसतो!

परत येताना पाय जमिनीवर नव्हते. जुन्याचा नाद सोडायचा. क.ला म्हटलं, तो हमीदभाईंकडे विकायला देऊन टाक, गिऱ्हाईक आहे म्हणाले होते. ती म्हणाली, "नवा आधी हातात तर येऊ दे."

१४ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवलं. यंदाचा नाताळचा मंडळीचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा आहे. शतकातला शेवटचा. मुंबई, पुणे, नाशिकला गेलेली सगळी पोरंबाळं येणार. "शंभर-सव्वाशे माणूस होईल, शांतवनराव."

होऊ द्या की. बावीस वर्षं काढतोय.

पा.सा. जरा घुटमळले. "गेल्या वर्षी मागची रांग जरा… लोक म्हणत होते."

लोक हलले असतील, म्हटलं.

"हो, हो, हलले असतील." मग दाराकडे बघत, "तो स्टेशनजवळचा कलर लॅबवाला मुलगा येऊन गेला. फुकट काढून देतो म्हणाला. मी सांगितलं त्याला, आमचा माणूस आहे म्हणून. पण यंदा हॉलमध्ये लागणार ना, म्हणून आपलं बोललो."

घरी आल्यावर गेल्या वर्षीचा फोटो काढून बघितला. मागची रांग ठीक दिसते. जवळून बघितली. ठीकच आहे. मग लोक काय म्हणत होते?

जेवण गेलं नाही. बावीस वर्षांत माझं नाव मंडळीत त्या एका फोटोवर आहे. बाकी मी कोण? वडील संस्थानिक नव्हते आमचे. हा फोटो बिघडला की पुढच्या वर्षी चर्चच्या पायऱ्यांसमोर दुसराच कुणीतरी उभा असणार आणि मी रांगेत.

५ डिसेंबर, रविवार

प्र. काल आला. आज जेवणं झाल्यावर खोका उघडला.

हा कॅमेरा? चौकोनी, लोणच्याच्या बरणीएवढा. त्यात कॉम्प्युटरची फ्लॉपी घालायची. डोळ्याला लावला. डोळा लावायला भोकच नाही! मागे सपाट काच. माझं नाक त्या काचेवर टेकलं आणि ठसा उमटला. प्र. हसून हसून लोळायचा राहिला. "दाजी, लांब धरा, लांब! आरशासारखा!"

एवढ्या लांब कॅमेरा धरून फोटो काढायचा म्हणजे ताटाला हात न लावता जेवण्यापैकी. पण ठीक. शिकू. शिकण्याला वय नसतं.

८ डिसेंबर, बुधवार

नवापण बिघडलेला!!

सकाळपासून त्याच्याशी झटापट. क.ला खुर्चीत बसवलं, काच समोर धरली, नीट लक्ष देऊन बघितलं: धूर. जुन्यात दिसतो तोच धूर. प्र.ला म्हटलं, तुला दुबईत कुणीतरी मोडका माल गळ्यात मारला. तो म्हणतो, "आण इकडे." बघतो, तर म्हणे आरपार स्वच्छ. माझ्या हातात दिला की धूर. परत त्याच्याकडे, स्वच्छ. माझ्याकडे, धूर. चार वेळा झालं. शेवटी त्याचा आवाज चढला, माझाही चढला. "दाजी, आठशे मैलांवरनं छातीशी धरून आणलाय मी तो!" मैल तरी नीट मोज म्हटलं, त्याहून जास्त आहेत.

क. खुर्चीत बसून दोघांकडे बघत होती.

माझ्या हाताला काही आहे का? हाताच्या उष्णतेनं काच धुरकटते? असं कधी ऐकलेलं नाही. जुना धूर, नवा धूर. लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. पण मला नाचता येतं! एकतीस वर्षं नाचतोय!

९ डिसेंबर, गुरुवार

दुपारी पुन्हा बसलो. क. समोरून म्हणाली, "अहो, एक डोळा का मिटताय?"

कोण मिटतंय?

"तुम्ही. डावा. कालपण मिटत होता."

हात लावून बघितलं. खरंच मिटलेला. मला पत्ताच नाही. कॅमेरा हातात आला की डावा आपोआप मिटतो, कुत्र्यानं शेपूट हलवावी तसा. काच समोर, भोक नाही, तरी मिटतोच.

उघडला. क. स्वच्छ दिसली. कपाळावरचा कांजण्याचा डागसुद्धा.

उजवा मिटला. स्वच्छ.

डावा मिटला.

"हां, बटण चुकलं होतं," म्हटलं आणि उठून बाहेर आलो.

११ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस हेच चाललंय. एक डोळा हातानं झाकून बघायचं. छापखान्याची पाटी: डाव्यानं अक्षरं, उजव्यानं ताक. स्टेशनचं घड्याळ: डाव्यानं दहा वीस, उजव्यानं नुसती भाकरी. आरशात उजव्या बुबुळात दुधाचा थेंब पडल्यासारखं काहीतरी. कधीपासून आहे? दोन्ही डोळे उघडे असले की काही कळत नाही, डावा सगळं सांभाळून घेतो. आणि कॅमेऱ्यापाशी त्या बिचाऱ्यालाच मी मिटायला लावतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. हमीदभाईंची काय चूक होती?

वडिलांचं, बापूंचं आठवतं. त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि त्यानंतर जे फडकं बांधलं ते शेवटपर्यंत. मी तेव्हा अठरा वर्षांचा. त्यांना हाताला धरून चर्चात न्यायचो. नको. तो विषयच नको.

जुना कॅमेरा डाव्या डोळ्याला लावून बघितला. डावा उघडा ठेवून उजवा मिटायला गेलो तर दोन्ही मिटतात. उजव्या डोळ्यावर चिकटपट्टीनं कापूस लावला. मग रोल पुढे सरकवताना खटक्याचं टोक त्याच कापसात. शिवाय डाव्यानं बघितलं की सगळं तिरकं धरलं जातं. चर्चचा मनोरा स्टेशनच्या बाजूला झुकलाय. पूर्ण रोल काढला, छत्तीसच्या छत्तीस मनोरे पडायला आलेले.

क.नं कापूस बघितला. "काय झालं?" "कान दुखतोय." कान! कापूस डोळ्यावर आणि दुखतो कान. ती "बरं" म्हणाली.

१३ डिसेंबर, सोमवार

प्र.बरोबर कॉम्प्युटर क्लासमध्ये. फ्लॉपी घातली, फोटो छापून घेतला. पासपोर्टएवढा ठीक. जरा मोठा केला तर गालावर चौकोन, जमिनीवर फरशी बसवल्यासारखे. मास्तर म्हणाला, यातून एवढाच निघतो. सव्वाशे माणसांचा म्हटलं तर हसला. प्रत्येकाच्या तोंडाला तीन-तीन चौकोन येतील म्हणे.

म्हणजे काय झालं? नव्यात मला दिसतं पण कागदावर उतरत नाही. जुन्यात कागदावर उतरतं पण मला दिसत नाही. बारा दिवस राहिले.

प्र.ला वाईट वाटलं. "दाजी, मी मोठ्या हौशीनं आणला हो." त्याला जवळ घेतलं. त्याला काय सांगणार.

१६ डिसेंबर, गुरुवार

भर उन्हात चर्चच्या पायऱ्यांसमोर नवा घेऊन उभा राहिलो. उन्हात त्याच्या काचेवर काही म्हणजे काही दिसत नाही. माझंच तोंड दिसतं. मग एकदम तात्या आठवले. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते. त्यांचा तो लाकडी पेटीचा कॅमेरा, मागे घासलेली काच, आणि डोक्यावर काळं कापड. काचेवर माणूस आधीच दिसायचा. दुबईवाल्यांनी नवीन काय शोधलं मग? फक्त तात्यांच्या काचेवर माणूस उलटा दिसायचा, खाली डोकं वर पाय.

घरी जाऊन ट्रंकेतलं तात्यांचं कापड आणलं. डांबराच्या गोळ्यांचा वास. नव्या कॅमेऱ्यावर टाकून आत शिरलो. दिसलं! दोन्ही डोळ्यांनी, पायऱ्या, दार, घंटा. पण गंमत बघा, कापडाखाली शिरल्याबरोबर हात तीस वर्षं मागे गेले. उलट्या चित्राची सवय. दार डावीकडे घ्यायचं तर कॅमेरा उलट्या बाजूला फिरवतो आणि दार पार चित्राबाहेर. पुन्हा फिरवतो, पुन्हा बाहेर. कापडाखाली मी एकटाच शिव्या घालत होतो.

"शांतवनराव? आत तुम्हीच आहात ना?" पा.सा. डोक्यावर येऊन उभे.

आहे, आहे. सराव चाललाय.

त्या कापडाच्या घडीत तात्यांची सुतळीपण निघाली. दर फुटाला गाठ. एक टोक कॅमेऱ्याला, दुसरं गिऱ्हाइकाच्या नाकाला. गाठी मोजायच्या, लेन्सवरचा तेवढा आकडा लावायचा. डोळा लावायचं कामच नाही. तात्या बघायचे खरे, पण विश्वास सुतळीवर ठेवायचे. मी त्यांना हसायचो.

१८ डिसेंबर, शनिवार

राहुरीकडची बाई पेढे घेऊन आली. मुलीचं जमलं! "पावने म्हनले, फोटूत पापनी न पापनी मोजून घ्यावी. लई झ्याक काढला ओ."

मी? उजव्या डोळ्यानं? पापणी न पापणी?

ती गेल्यावर दुकानातली प्रत शोधली. मोठं भिंग घेतलं, डाव्यानं बघितलं. पापण्या आहेत. स्वच्छ, एकेक. फोटो उजेडात तिरका धरला तर पापण्या चकाकल्या. शिसपेन्सिल.

मग सगळी पाकिटं काढली. दसऱ्याचे पासपोर्टवाले सात. पेन्सिल. दिवाळीचे. पेन्सिल. जूनमधला तो बँकेतला साहेब, त्याच्या मिशीसकट पेन्सिल. गेल्या नाताळच्या मंडळीच्या फोटोची मागची रांग, जिला मी महिन्यापूर्वी ठीकच आहे म्हणालो होतो ती, अख्खी रांग पेन्सिल आणि ब्रश. ग्लॉसीवर पेन्सिल धरत नाही. मॅटवर धरते.

वर्षभर ती माणसांना डोळे काढत बसली आणि मी बाहेर काउंटरवर कॅमेऱ्याला शिव्या देत होतो.

राग आलाय. कुणाचा ते कळत नाही. लाज वाटते. पेढा तसाच ठेवला.

२० डिसेंबर, सोमवार

प्र. बाजारात गेला तेव्हा बोललो. फोटो तिच्यापुढे टाकले.

कधीपासून ठाऊक आहे?

"गेल्या नाताळच्या फोटोपासून."

मग बोलली का नाहीस?

"तुम्ही म्हणालात फ्लॅश बिघडला. मग म्हणालात रोल जुना होता. मग लेन्सला बुरशी. म्हटलं, एकेक सगळं तपासून होऊ दे. कधीतरी संपेल आणि स्वतःवर याल."

मी काय लहान पोर आहे?

"पोर असतात तर कान धरून नेलं असतं डॉक्टरकडे. नवऱ्याचा कान धरता येत नाही."

मी फार वाईट बोललो. मला वेड्यात काढलंस, लोकांना फसवलंस, त्या मुलीचं लग्न तुझ्या पेन्सिलीवर जमवलंस. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मुलीला पापण्या आहेतच की. तुम्हाला दिसल्या नाहीत एवढंच. मी खोट्या नाही काढल्या. तिला समोर बसवून, बघून काढल्या."

फोटो गोळा करून पाकिटात घातले.

नाशिकला आमची लेक रूथ नर्स आहे. तिला क.नं पत्र टाकून चार जानेवारीची डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. मोतीबिंदूच असेल, आता सोपं असतं, रूथ सांगते म्हणे. बापूंचं मी काढलं. क. म्हणाली, "मला आठवतं ते. मलाही भीती वाटते." पहिल्यांदाच बोलली तसं.

चार तारखेचं बघू म्हटलं. पण मंडळीच्या फोटोला पेन्सिल लावायची नाही. एक टिंबसुद्धा नाही. जसा येईल तसा लागेल हॉलमध्ये.

"बरं," म्हणाली. "नाही लावणार. तुम्ही सांगितल्याशिवाय."

२३ डिसेंबर, गुरुवार

आता क. आणि मी मिळून. ठरलं ते असं: जुना कॅमेरा तिकाटण्यावर, फोकस सुतळीनं. चित्राची कड कुठे संपते ते बघायला परवा एक रोल वाया घालवला, त्यावरून जमिनीवर फक्कीच्या रेघा, कबड्डीच्या मैदानासारख्या. रेघेच्या आत उभा तो फोटोत. आणि नवा कॅमेरा शेजारी दुसऱ्या स्टॅण्डवर, कापड घालून, नुसती तोंडं बघायला. कोण कुणामागे लपलं, कुणाचे डोळे मिटले. असं तिघांचं मिळून माझ्या एका डोळ्याचं काम.

प्र.ला सांगितलं एकदाचं. त्यानं नव्याची काच रुमालानं पुसली. मग, "म्हणजे कॅमेरा चांगला होता ना दाजी?" होता रे बाबा. चांगला होता.

सुतळी मोजली, पुन्हा मोजली. मधल्या रांगेला एकवीस फूट.

२५ डिसेंबर, नाताळ

दमलोय. पण आजचं आजच लिहायचं.

एकशे एकोणतीस माणूस. ऊन चांगलं होतं, अपर्चर अकरावर, पुढच्या-मागच्या रांगा धरायला. क. सुतळीचं टोक घेऊन मधल्या रांगेपर्यंत गेली आणि मार्थाबाईंच्या नाकाला लावलं. मार्थाबाई ऐंशीच्या. "अगं, माझं माप कशाला घेतेस? झगा शिवायचाय का?" सगळी रांग हसली. मी कापडाखाली शिरलो तर पोरांनी आरडाओरडा केला. आत काचेवर सगळे दिसले. खरंच सगळे. गेली किती वर्षं मी त्यांना असं बघितलंच नव्हतं, नुसते रंगांचे डाग बघून दाबत होतो. कुणाचे केस पांढरे झालेत, कुणाची आई यंदा नाही. बरं झालं कापडाखाली होतो.

बाहेर आलो, जुन्याचा आकडा लावला, लांबून दाबायची वायर हातात धरली. पा.सा. रांगेतून म्हणाले, "शांतवनराव, नेहमीसारखा एकदा डोळा लावून बघा की. बघितल्याशिवाय दाबलं तर मनाला बरं वाटत नाही."

सगळे थांबले. लावला असता डोळा, कुणाला काय कळणार होतं. बावीस वर्षं लावतोय, आणखी एकदा. पण नाही जमलं. तोंडातून निघूनच गेलं. "पाळकसाहेब, मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही."

पुढच्या रांगेतली पोरं वळून मोठ्यांकडे बघायला लागली.

मग मार्थाबाई मधूनच, "मग डाव्यानं बघ की रे! देवानं दोन कशाला दिलेत?"

एकशे एकोणतीस माणूस हसलं. मीपण. पा.सा. हसताना डोळे पुसत होते. मी त्यातच दाबलं. तीन घेतले.

आटोपत होतो तर प्र. ओरडला, "दाजी, तुम्ही दोघं कुठे आहात फोटोत? एकाही वर्षी नाही!" खरंच नाही. एक नवरा कॅमेऱ्यामागे, एक बायको फ्लॅश धरून. म्हटलं, मग डोळ्याची गरज नाहीच तर माझी तरी कशाला? दहा सेकंदांचा खटका लावला आणि पळालो. क.चा हात धरून पळालो, बावन्न वर्षांचा माणूस, सगळ्यांसमोर. डाव्या टोकाला फक्कीच्या रेघेच्या आत कसेबसे उभे राहिलो. घरघर घरघर. खटक.

कॅमेऱ्यामागे कुणीच नव्हतं. विचित्र वाटलं.

२७ डिसेंबर, सोमवार

दुपारी डार्करूम. रोल काल धुतला होता. क.नं शेवटचा, आम्ही दोघं आहोत तोच घेतला. मोठ्या कागदावर उजेड सोडला, कागद ट्रेमध्ये हलवायला लागली. लाल दिव्यात पायऱ्या आल्या, दार आलं, मग माणसं.

मागची रांग?

"आली."

स्वच्छ?

"बघा ना तुम्हीच."

वाकलो. दोन्ही डोळ्यांनी. मागच्या रांगेतल्या बाईच्या गळ्यातले मणी मोजता येतील. मार्थाबाई तोंड उघडून काहीतरी बोलतेय. पा.सा.च्या टायची गाठ. एकही माणूस धुरात नाही. टेबलावरच्या माझ्या हातावर क.नं हात ठेवला.

मग तिचं बोट डाव्या टोकाला सरकलं आणि ती हसायला लागली. हसतच सुटली. ट्रेच्या कडेला धरून उभी राहिली.

टोकाला आम्ही. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय, पदर वाऱ्यावर. शेजारी मी. उजवा डोळा टक्क उघडा, डावा गच्च मिटलेला. कॅमेरा समोर होता, हातात नव्हता, तरी खटका वाजायच्या आधी मिटला. एकशे एकतीस माणसांत एकाच माणसाचा डोळा मिटलाय आणि तो फोटोग्राफर.

आम्ही दोघं खूप हसलो. मग ती हसायची थांबली आणि मीही.

आधीचे तीन आहेत, त्यांत आम्ही नाही. हॉलमध्ये तुम्ही दोघं असलेलाच लावू या, असं काल पा.सा. स्वतः येऊन सांगून गेले. एकतीस तारखेच्या उपासनेआधी पाहिजे.

क. म्हणाली, "मॅटवर छापलाय. तुम्ही म्हणालात तर तेवढा एक डोळा उघडते. समोर बसवून, बघून. नाही म्हणालात तर नाही."

वाळू दे म्हटलं.

आता दोरीवर वाळतोय. तिनं पेन्सिलीला टोक करून खाली ठेवली आहे आणि चार तारखेचं नाशिकचं तिकीट काढू का, हेही विचारून गेली आहे. मी दोन्हीला अजून काही बोललो नाही.